हेमराजने पुसलेलं गाणं

हेमराज वाढई कुठल्याही नव्या जागी गिटार बाहेर काढायच्या आधी एकदाच टाळी वाजवायचा आणि डोळे मिटून उभा राहायचा. सभागृह असो, शाळेचं पटांगण असो की कुणाच्या लग्नाचा मांडव. ती टाळी भिंतीवर, पत्र्यावर, समोरच्या झाडांवर आपटून कशी परत येते ते तो ऐकायचा. उजवा कान पुढे करून ऐकायचा, कारण डावा लहानपणीच अर्धाअधिक गेला होता. एकदा सिंदेवाहीकडच्या एका मंगल कार्यालयात त्याने तीन वेळा टाळी वाजवली आणि मुकाट्याने सामान परत गाडीत भरायला लागला. आयोजक हातापाया पडले, मग चिडले. त्याचं उत्तर एकच होतं की इथं आवाज परत येत नाही, आणि जिथून आवाज परत येत नाही तिथं तो वाजवत नाही. मी तेव्हा चंद्रपूरच्या एका दैनिकात वार्ताहर होते. 'रॉक गायकाचे नखरे' अशी चार ओळींची बातमी मीच दिली. त्याच्याबद्दल मी दिलेली ती पहिली बातमी.

आम्ही मूळचे मूल गावचे. आमच्या घरामागे त्याच्या वडिलांची राइस मिल होती आणि मी कॉलेजात जायला लागले तेव्हा तो हाफपँटीत त्या मिलच्या पट्ट्याजवळ उभा असायचा. पट्ट्याला एक सांधा होता. तो सांधा दर फेरीला चाकावर आपटायचा आणि हेमराज त्या थापेवर मान हलवत राहायचा. डावा कान त्या पट्ट्यानेच खाल्ला, असं त्याची आई म्हणायची. वडिलांना वाटायचं पोरगा मिलचं काम शिकतोय.

रॉक गायक म्हटल्यावर लोकांना जे वाटतं त्यातलं त्याच्यात काहीच नव्हतं. केस गावच्या मास्तरासारखे बारीक कापलेले, शर्ट बाहेर सोडलेला, पायात रबरी चपला. स्टेजवरसुद्धा त्याच. कार्यक्रमाला जाताना डब्यात भात आणि लाखोरीच्या डाळीचं वरण न्यायचा आणि हॉटेलात सोय असली तरी गाडीत बसून तेच खायचा. गायला लागला की पहिल्या दोन ओळी एखादा माणूस शेजाऱ्याला काहीतरी सांगतोय तशा यायच्या, आणि तिसऱ्या ओळीला आवाज असा फुटायचा की पुढच्या रांगेतली माणसं मागे सरकायची. त्याच्या बँडचं नाव 'आग्या'. आग्यामोहोळातला आग्या. चौघं होते, सगळे आयटीआयचे. आपल्या झाडीच्या बोलीत कुणी असं ओरडून गाऊ शकतं हे आमच्याकडे तोपर्यंत कुणाला माहीत नव्हतं. कोणी नाकं मुरडली, पोरं मात्र वेडी झाली.

शर्टाच्या खिशात एक लहानसं रेकॉर्डिंगचं यंत्र कायम असायचं. उभ्या एसटीची घरघर, बाजारातल्या बायकांची घासाघीस, विहिरीवरचा रहाट, काहीही तो टिपून ठेवायचा. माझे काका वारले तेव्हा बायकांचं रडणं चालू असताना त्याचा हात खिशाकडे गेलेला मी पाहिला. नंतर मी त्याला रागावले. तो ओशाळला नाही. म्हणाला, "आवाज कोनाच्या बापाचा नसते, ताई. सुटला का सुटला." हे वाक्य त्याच्या तोंडी वरचेवर असायचं. मुलाखतीतही तो तेच सांगायचा, आणि एका मासिकाने ते मोठ्या अक्षरात छापलंही होतं.

पहिला मोठा वाद त्याने स्वतः ओढवून घेतला. त्याची मावशी कोळशाच्या खाणीला लागून असलेल्या वस्तीत राहायची. तिथं दुपारी आधी भोंगा होतो, मग सुरुंग उडतात. मांडणीवरची भांडी आपसूक वाजायला लागतात, भिंतीतून माती गळते. हेमराज पंधरा दिवस तिच्याकडे जाऊन राहिला आणि रोजची ती दुपार टिपून घेतली. पुढे चंद्रपुरात एका मैदानावर मोठा कार्यक्रम ठरला, चार-पाच हजार माणूस जमलं. 'आग्या' स्टेजवर आले. पहिलं गाणं सुरू व्हायच्या ऐवजी मैदानभरच्या स्पीकरमधून तो भोंगा निघाला, मग ती भांडी, आणि मग सुरुंग.

मी मैदानाच्या कडेला होते. मला माहीत होतं की हा रेकॉर्ड केलेला आवाज आहे, तरी माझे पाय आपोआप उचलले गेले. जमीन खरंच हलल्यासारखी वाटली. खुर्च्या पडल्या, बायका पोरांना उचलून फाटकाकडे धावल्या. कुणी मेलं नाही, हे नशीब. पण एका अंगणवाडी सेविकेचा हात दोन जागी मोडला.

गुन्हा दाखल झाला. तीन-चार महिने त्याचे सगळे कार्यक्रम रद्द होते. एका बाजूचे लोक म्हणत होते की त्याने खाणीकाठच्या माणसांचं दुःख शहराला ऐकवलं, दुसऱ्या बाजूचे म्हणत होते की त्याला आत टाका. दोन्ही बाजूंच्या बातम्या मी दिल्या. त्याला विचारलं तेव्हा म्हणाला की आवाजाबद्दल मला वाईट वाटत नाही, हाताबद्दल वाटतं. हे वाक्य छापून आल्यावर लोक आणखी भडकले. जे छापून आलं नाही ते असं, की प्लास्टर निघेपर्यंत दर रविवारी तो त्या बाईंच्या घरी जायचा, नळाला पाणी आलं की हंडे भरून द्यायचा आणि त्यांच्या सासूच्या शिव्या ऐकून परत यायचा. हे मला त्या बाईंनीच पुढे सांगितलं. त्या म्हणाल्या, एकही शब्द बोलायचा नाही, पण जाताना दाराची कडी इतकी हळू लावायचा की तो गेल्याचं कळायचं नाही.

या वादानं त्याचं नाव नागपूर-मुंबईपर्यंत गेलं. मुंबईच्या एका कंपनीने गाणी काढायचा करार केला. नव्या गाण्यासाठी त्याला मोहाची फुलं गळतानाचा आवाज हवा होता. चैत्रात मोहफूल पहाटेपासून गळायला लागतं ते दहा-अकरापर्यंत. लोक झाडाखालचा पाला आधी झाडून जाळून टाकतात, म्हणजे वेचायला सोपं जातं. पण झाडलेल्या जमिनीवर फूल पडलं तर आवाज होत नाही. त्याला न झाडलेलं झाड पाहिजे होतं.

असं झाड त्याला अहेरीच्या पलीकडे एका गावाजवळ सापडलं. गावाचं नाव मी लिहीत नाही, त्याचं कारण पुढे कळेल. भोवतालची सगळी झाडं लोकांनी वाटून घेतलेली, प्रत्येकाखाली लख्ख झाडलेलं; आणि नाल्याच्या अंगाला हे एकच मोठं झाड, ज्याच्याखाली घोटाभर पाला साचलेला. तिकडे का कुणी जात नाही, हे त्याने विचारलं नाही. उजाडता उजाडता यंत्र झाडाखाली ठेवलं आणि स्वतः वीसेक पावलांवर एका दगडावर जाऊन बसला. फुलं पडत राहिली. एखादं, मग दोन, मग सर आल्यासारखी पाच-पन्नास. उन्हं वर आली तसं ते विरळ झालं. तीन तासांनी यंत्र उचलून तो परत आला. कुणी माणूस दिसलं नाही, असं त्याने मला दहा वेळा सांगितलं आहे, आणि दहाही वेळा एकाच शब्दांत.

ते रेकॉर्डिंग नागपूरच्या स्टुडिओत लावलं तेव्हा त्यात एक बाई गुणगुणत होती.

स्टुडिओतला जाणकार माणूस पुढे मला भेटला. एरवी भूतखेत न मानणारा, नोकरीतून निवृत्त झालेला आकाशवाणीचा तंत्रज्ञ. तो म्हणाला की आवाज स्वच्छ आहे. जवळ येतो, लांब जातो, परत जवळ येतो, जशी बाई वाकून वेचत वेचत झाडाभोवती फिरतेय. मधूनमधून टोपलीत फुलं टाकल्याचाही आवाज आहे. मग म्हणाला, "खाली घोटाभर पाला होता असं तो म्हणतो. फूल पडलं तर वाजतंय. मग बाईचं पाऊल का वाजत नाही?"

हेमराजचं म्हणणं तेव्हा साधं होतं. डावा कान झाडाकडे होता, शेजारच्या गावातली कुणी आली असेल, मला ऐकू आलं नसेल. त्याने ते गुणगुणणं तसंच्या तसं गाण्यात घेतलं. आधी फुलं, मग ती बाई, मग अगदी खालच्या पट्टीत गिटार. शेवटी ती बाई एकच शब्द म्हणते आणि गाणं संपतं. तो शब्द 'यायो'. गोंडीत यायो म्हणजे आई.

गाणं महिन्याभरात सगळीकडे झालं. रिक्षात, पानठेल्यावर, लग्नाच्या वरातीत. मला ते आवडायचं नाही, पण बंदही करवत नसे. भर दुपारी ऐकलं तरी ऐकताना आपल्या मागे कुणी उभं आहे असं वाटायचं.

मग अहेरीहून मला फोन आला. त्या गावात सोमारीबाई नावाची म्हातारी होती. शेजारणीच्या मोबाईलवर तिने गाणं ऐकलं आणि हातातलं पाखडायचं सूप खाली ठेवून म्हणाली, ही माझी रैनी आहे. रैनी तिची एकुलती एक मुलगी. आदल्या वर्षी चैत्रात त्याच नाल्याकाठच्या झाडाखाली मोह वेचताना तिला वाघाने नेलं होतं. सापडली ती तिची टोपली, अर्धी भरलेली. म्हणून त्या झाडाकडे कुणी जात नव्हतं.

मी त्याच दिवशी बातमी दिली. म्हातारीशी बोलले नाही, हेमराजशीही नाही. फोनवर जे ऐकलं त्यावर लिहिलं. दुसऱ्या दिवशी पहिल्या पानावर मथळा होता, 'मृत महिलेच्या आवाजाचा बाजार?' दोन दिवसांत तो राज्यभर झाला. कुणी म्हणालं, त्याने जुनं रेकॉर्डिंग चोरलं. कुणी म्हणालं, नटीकडून आवाज काढून घेतला आणि बाईचा मृत्यू प्रसिद्धीला वापरला. अंधश्रद्धेविरुद्ध काम करणाऱ्यांनी त्याला आव्हान दिलं की जाहीरपणे सांग, आवाज कुणाचा. टीव्हीवाले मूलला त्याच्या वडिलांच्या मिलमध्ये घुसले. मुंबईच्या कंपनीला यातलं काहीच वाईट वाटत नव्हतं, गाणं तिप्पट वाजत होतं. त्यांनी त्याला कळवलं की काही बोलू नकोस, आहे ते चांगलं चाललंय.

तो माझ्या ऑफिसात आला तेव्हा मला वाटलं भांडेल. समोरची खुर्ची ओढून बसला, पाणी प्यायला. म्हणाला, "मथळ्यातलं ते प्रश्नचिन्ह तुमचं होय, का डेस्कवाल्याचं?" डेस्कचं, मी म्हटलं. ते खरंही होतं. "मंग बाकीचं तुमचं," तो म्हणाला. जाताना म्हणाला की त्या गावच्या ग्रामसभेने बोलावलंय, मी चाललो, तुम्हीही चला. या वेळी तिथं बसून लिहा.

ग्रामसभा दुपारी होती, गावातल्या मोठ्या चिंचेखाली. गाव सगळं जमलेलं, पण आवाज नव्हता. पोरंही बोलत नव्हती. सोमारीबाई पुढेच बसली होती, लहानशी, वाळलेली, हातावर जुनं गोंदण. हेमराज उभा राहिला. त्याने जे घडलं ते सांगितलं. झाड, दगड, वीस पावलं, तीन तास. गावातल्या एका माणसाने विचारलं की शेजारच्या गावची कुणी बाई आली असेल का. दुसऱ्याने सांगितलं की त्या गावच्या बाया नाला ओलांडून येत नाहीत, आणि वाघाने रैनीला नेल्यावर तर कुणीच आलं नसतं. हेमराज म्हणाला, "मले कोनी दिसली नाई. काही आयकू नाई आलं. पन मशिनीत हाय. आता तुमी सांगान ते मी करीन."

गावातल्या तरुणांची तयारी होती. माफी, गाण्यावर रैनीचं नाव, आणखी काही मागण्या कागदावर लिहून आणल्या होत्या. सोमारीबाईने तो कागद वाचूच दिला नाही. ती हेमराजला म्हणाली, "गान्यात थोडंसंच हाय. बाकीचं कुठी हाय?"

बाकीचं त्याच्या खिशात होतं, सगळे तीन तास. त्याने हेडफोन काढले, तिच्या कानांवर नीट बसवले आणि यंत्र तिच्या मांडीवर ठेवलं. मग त्या चिंचेखाली सगळं गाव तीन तास बसून राहिलं. आम्हाला काहीच ऐकू येत नव्हतं. दिसत होती फक्त म्हातारी. आधी बराच वेळ ती नुसती बसली. फुलं गळत असणार. मग तिची मान हलकेच एका बाजूला झुकली, तशी हळूहळू दुसऱ्या बाजूला गेली, जणू कुणी तिच्याभोवती फिरत होतं. ती गोंडीत पुटपुटायला लागली. थांबायची, ऐकायची, परत बोलायची. माझ्या शेजारी बसलेल्या बाईने पदर तोंडाला लावला. ती काय म्हणतेय, मी हळूच विचारलं. बाई म्हणाली की घरच्या गोष्टी सांगून राहिलीय. बकरी व्याली, शेजारच्या पोरीचं लग्न ठरलं, तुझी साडी मी अजून नेसत नाही, अशा.

एकदा ती हसली. अगदी मोकळी, मुलगी काहीतरी खोडसाळ बोलली की आई हसते तशी. चिंचेखाली उन्हाचे कवडसे स्थिर होते, वारा अजिबात नव्हता.

ऊन कलल्यावर तिने स्वतःच हेडफोन काढले. डोळे कोरडे होते. हेमराजला खुणेनं जवळ बोलावून खाली बसवलं आणि म्हणाली, "टोपली भरली तिची. आता बंद कर."

तो म्हणाला, करतो.

"बंद म्हणजे सगळीकडचं," ती म्हणाली. "जथी जथी थे गानं वाजते, तथी तिले यावं लागते. वाकावं लागते, वेचावं लागते. गावोगावी, दिसभर. माह्या लेकीची कंबर गेली असन रे बाप्पा. तू तिले काऊन एवढी राबवून राह्यला?"

आवाज कुणाच्या बापाचा नसतो, हे त्याचं वाक्य तो त्या दिवशी बोलला नाही. त्यानंतर कधीच बोलला नाही. त्याने तिच्या पायांना हात लावला आणि ते तीन तासांचं यंत्र तिच्या ओटीत ठेवलं. ते तिने गावासमोर नाल्याकाठच्या त्या मोहाखाली पुरलं, असं मागाहून कळलं. कुणी ते उकरायला जाऊ नये, म्हणून मी गावाचं नाव लिहीत नाही.

हेमराजने गाणं मागे घेतलं. कंपनीने आधी समजावलं, मग वकील लावले, शेवटी करार तुटला. बँडमधल्या तिघांनी त्याला सोडलं. इतक्या वर्षांनी चांगले दिवस येत होते, त्यांचंही चुकलं असं म्हणवत नाही. ज्यांनी आधी त्याला भोंदू म्हटलं तेच आता म्हणाले की बघा, म्हातारीच्या भाकडकथेपुढे मान टाकली, हाच का बंडखोर? चाहत्यांनी त्याला भित्रा म्हटलं. तो या कशाला उत्तर देत नव्हता. मी एकदा विचारलंच, तुला काय वाटतं, आवाज कुणाचा होता? तो म्हणाला, "माह्यं काय वाटते याले काही किंमत नाई, ताई. तिची माय हो म्हनते. मायले वळखू नाई येईन का?"

पण गाणं असं पुसलं जात नाही. कंपनीने काढलं तरी ते लोकांच्या मोबाईलमध्ये, मेमरी कार्डांत, वरातीच्या डीजेकडे राहिलं होतं. मग त्याने जे सुरू केलं त्यावर आधी लोक हसले. तो स्कूटर घेऊन गावोगाव फिरायला लागला. मोबाईलच्या दुकानात जायचा आणि दुकानदाराला सांगायचा की तुमच्याकडे ते गाणं असेल तर पुसून टाका. का, ते सविस्तर सांगायचा, प्रत्येक वेळी पहिल्यापासून. आलापल्ली, एटापल्ली, चामोर्शी. काही जणांनी हाकललं, काहींनी त्याच्या देखत पुसलं आणि तो गेल्यावर दुसरीकडून परत घेतलं. सिरोंचात एका तेलुगू दुकानदाराला त्याची भाषा नीट कळेना, तेव्हा त्याने हातवारे करून दाखवलं: वाकलेली बाई, टोपली, वाघ, म्हातारी. दुकानदाराने दोन्ही हात जोडले, गाणं पुसलं, आणि त्याला जेवल्याशिवाय सोडलं नाही. हे हेमराजनेच सांगितलं. ही फिरती दोन वर्षं चालली आणि तेवढ्यात मी त्याला हसताना पाहिलं ते तेवढंच.

माझ्याकडेही तो आला. ऑफिसच्या कॉम्प्युटरवर बातमीच्या वेळी उतरवून घेतलेलं गाणं होतं. मी त्याच्यासमोर पुसलं. मोबाईलमधलंही पुसलं. मग त्याने विचारलं, पाठ आहे का? मी म्हटलं, आहे. निघताना दारात क्षणभर थांबला, तेवढंच. त्या दिवशी मला कळलं की हे काम संपणारं नाही, आणि त्यालाही ते ठाऊक आहे.

सोमारीबाई पुढच्या पावसाळ्यात गेली. तिच्या दिवसांना तो गेला होता. त्यानंतर आमची भेट क्वचित व्हायची. तो मूलला परत आला आणि मिल चालवायला लागला. गिटार विकली म्हणे. कुठल्याशा वाहिनीने 'वादग्रस्त कलाकार आता कुठे आहेत' म्हणून त्याच्यावर कार्यक्रम करायचं ठरवलं, तेव्हा त्याने कॅमेरावाल्यांना चहा पाजून परत पाठवलं.

मी त्याला शेवटचं पाहिलं ते अहेरीच्या बसस्थानकावर. आठवडी बाजाराचा दिवस होता, चैत्रातलं टळटळीत ऊन. मी निवृत्त झाले होते आणि भाचीकडे चालले होते. तो मिलच्या कुठल्या तरी कामाने आलेला. केस पिकले होते, पाठीत थोडा वाकला होता. आम्ही सावलीत बाकावर बसून इकडचं तिकडचं बोललो. शेजारच्या बाकावर एक विशीतली बाई बसली होती, पायाशी भरलेली टोपली, वर पळसाची पानं झाकलेली. बसची वाट पाहत ती स्वतःशीच काहीतरी गुणगुणत होती.

ते माझ्या आधी त्याला कळलं. त्याचं बोलणं अर्ध्यावर तुटलं. मग मलाही ओळखू आलं. तीच चाल, अगदी तीच. त्या चढत जाणाऱ्या जागेनंतरचा तो बारीकसा थांबा, तो श्वाससुद्धा.

ते गाणं येऊन गेलं तेव्हा ही मुलगी फार तर दहा-बारा वर्षांची असेल. हेमराज उठला, तिच्यासमोर जाऊन उभा राहिला. मला वाटलं, आता तो पहिल्यापासून सगळं सांगेल: बाई, टोपली, वाघ, म्हातारी. पण त्याने फक्त विचारलं, "बाई, हे कुठी शिकली तू?"

तिने मान वर करून पाहिलं. अनोळखी माणूस काय विचारतोय ते तिला आधी कळेना. मग म्हणाली, "शिकाचं काय त्याच्यात, भाऊ? मोहा वेचाले बसलं का येते."

कोण येते, हे त्याने विचारलं नाही. मीही नाही.

तिची बस लागली. गर्दी दरवाजाकडे धावली. हेमराजने वाकून ती टोपली उचलली, जड होती ती, दोन्ही हातांनी छातीशी धरली आणि गर्दीतून वाट काढत दारापर्यंत नेली. ती चढली तेव्हा त्याने टोपली वर तिच्या हातात दिली, आणि दिल्यावरही टोपलीचा काठ क्षणभर तसाच धरून ठेवला. कंडक्टर ओरडला तेव्हा सोडला. बस निघाली, धुरळा उठला. माझीही गाडी लागत होती म्हणून मी उठले आणि त्याला हाक मारली. त्याने मागे पाहिलं नाही. तो त्या धुरळ्यात तसाच उभा होता, दोन्ही हात पुढे, ओंजळ उघडी, आणि तिच्यात चिकटलेलं एक फिकट पिवळं मोहफूल खाली पडू नये म्हणून तो बोटं हळूहळू मिटत होता.